झोन दोन म्हणून रकाना कोरा सोडू नका: रेतीच्या थरांची द्रवीकरण-तपासणी, बोअरपासून अहवालापर्यंत

नागपुरातल्या माती तपासणीच्या अहवालांत एक वाक्य वर्षानुवर्षं जसंच्या तसं उतरत आलं आहे: "जागा भूकंपक्षेत्र दोनमध्ये असल्याने द्रवीकरणाची शक्यता नाही." शहराच्या बऱ्याच भागापुरता हा निष्कर्ष बरोबरच निघतो, पण त्याचं कारण झोन, म्हणजे भूकंप-धोक्याचा पट्टा, नाही. हिंगणा-वाडीकडे वरची काळी माती आणि मुरूम ओलांडला की बेसाल्ट लागतो. पूर्वेकडे नीस हा कठीण खडक लागतो, कामठीच्या बाजूला वालुकाश्म. द्रवीकरण, म्हणजे हादऱ्यांनी जमीन द्रवासारखी होणं, घडायला सैल, पाण्याने भरलेली, न चिकटणारी रेती लागते आणि तीच तिथे नसते. कन्हान आणि पेंच नद्यांच्या काठची गोष्ट वेगळी आहे. पुलाचा खांब, इंटेक वेल, पंपहाऊस, नदीकाठचा बंधारा, कोराडी-खापरखेड्याच्या बाजूचे राखेचे तलाव अशा कामांत हे वाक्य गणित न करता लिहिणं चूक आहे. शिवाय नागपुरात बसून बिहार, गुजरात, आसामची कामं करणारी मंडळी पुष्कळ आहेत. इथे लागलेली सवय तिथे महागात पडते.

ही तपासणी मी ज्या क्रमाने करतो तो पुढे दिला आहे. बोअरच्या तोंडाशी काय पाहायचं यावर जास्त लिहिलं आहे, कारण माझ्या अनुभवात गणितापेक्षा चूक तिथेच जास्त होते.

आधी घटना काय आहे ते

ज्वारीचं पोतं भरताना मधूनमधून आपटतात. दाणे एकमेकांत बसतात आणि पोत्यात जागा होते. सैल रेती हादरली की तिलाही तसंच खाली बसायचं असतं. पण कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरलेल्या असतील आणि हादरे काही सेकंदांत संपणारे असतील, तर पाण्याला निघून जायला वेळच मिळत नाही. कणांनी पेललेला भार पाण्यावर येतो, पाण्याचा दाब चढतो, कणांचा एकमेकांवरचा दाब उतरतो. तो शून्याजवळ गेला की रेती दाट द्रवासारखी वागते. १९६४ साली जपानमधल्या निगाता शहरात चार मजली इमारती अख्ख्याच्या अख्ख्या कलंडल्या, त्या अशाच. २००१ च्या भुज भूकंपात कच्छच्या रणात जमिनीतून रेती आणि पाण्याचे फवारे उडाले आणि त्या भागातल्या मातीच्या धरणांचंही नुकसान झालं.

निगाता आणि त्याच वर्षीच्या अलास्का भूकंपानंतर सीड आणि इद्रिस यांनी १९७१ मध्ये एक सोपी पद्धत मांडली. भूकंप मातीवर किती ताण आणतो आणि माती किती ताण सोसते, या दोन आकड्यांची तुलना करायची. भूकंपाविषयीच्या आपल्या भारतीय मानकाच्या (आयएस १८९३ भाग १, २०१६) परिशिष्ट एफमध्ये याच पद्धतीची सुधारलेली रीत दिली आहे. पहिल्या आकड्याला सीएसआर म्हणतात, दुसऱ्याला सीआरआर. सीआरआरला सीएसआरने भागलं की सुरक्षा गुणांक मिळतो.

पहिली पायरी: थर चाळणीतून काढणे

गणिताला बसण्याआधी कुठले थर मोजायचे आणि कुठले सोडायचे ते ठरवा. साधारण २० मीटरपर्यंतचे, पाणीपातळीखालचे, अलीकडच्या काळात नदीने आणून टाकलेले रेतीचे आणि रेतीमिश्रित गाळाचे थर तपासणीत येतात. नदीकाठचा भराव असेल तर तोही घ्या.

काळ्या मातीबद्दल दरवेळी विचारणा होते. तिचा प्लास्टिसिटी इंडेक्स (मातीच्या चिकटपणाचं माप) इतका जास्त असतो की ती या घटनेत येत नाही. तिचे प्रश्न फुगण्या-आकसण्याचे, म्हणजे वेगळ्याच खात्यातले. मधल्या गाळाच्या थरांना मात्र नुसतं डोळ्याने पाहून सोडू नका. प्लास्टिसिटी इंडेक्स १२ पेक्षा कमी आणि नैसर्गिक ओलावा लिक्विड लिमिटच्या (ज्या ओलाव्याला माती वाहू लागते त्याच्या) ८५ टक्क्यांहून जास्त असेल, तर तो थर संशयित धरा. इंडेक्स १८ च्या वर गेला की सोडून द्या. १२ ते १८ च्या मधल्या थराचा नमुना जपून काढून प्रयोगशाळेत तपासावा लागतो. बोअरवर बसून "सिल्टी क्ले" लिहिणं सोपं असतं. त्या दोन शब्दांनी तो थर तपासणीतूनच बाद होतो, म्हणून ॲटरबर्ग चाचणीचा (हीच मापं देणाऱ्या चाचणीचा) निकाल हाती येईपर्यंत मी ते लिहीत नाही.

दुसरी पायरी: एन-आकडा कसा जन्मतो ते पाहणे

स्टँडर्ड पेनिट्रेशन टेस्ट (एसपीटी) सगळ्यांना माहीत आहे. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून पडतो, स्प्लिट स्पून (नमुना घेणारी दुभंगती नळी) १५ सेंटिमीटरच्या तीन टप्प्यांत शिरतो, पहिला टप्पा सोडून उरलेल्या दोहोंचे ठोके म्हणजे एन. आयएस २१३१ मध्ये हे सगळं आहे. पण सैल रेतीत एन किती येतो हे रेतीइतकंच बोअर करणाऱ्या हातांवर अवलंबून असतं.

कन्हानकाठच्या एका कामावर पावसाळ्यानंतर बोअर सुरू होता. पाणी वरच होतं. साडेचार मीटरवर एन आला ३. तीन म्हणजे अगदी भुसभुशीत रेती, आणि वरच्या-खालच्या आकड्यांशी तो जुळत नव्हता. मी बोअरजवळ जाऊन उभा राहिलो. पोरं बेलर (बोअरमधली रेती-पाणी उपसणारं नळकांडं) भराभर वर ओढत होती आणि प्रत्येक खेपेला केसिंगमधलं (बोअरच्या आधार-नळीतलं) पाणी बाहेरच्या पातळीच्या खाली जात होतं. पुढच्या खोलीला रॉड सोडले, तर ते अपेक्षेपेक्षा हातभर वरच टेकले. ड्रिलर म्हणाला, "साहेब, खालून रेती वर येऊन राहिली." तोच खुलासा होता. आतलं पाणी कमी, बाहेरचं जास्त, म्हणून तळ उसळला होता आणि आम्ही मूळ थर सोडून उसळून ढिली झालेली रेती मोजत होतो. दोन मीटर सरकून दुसरा बोअर घेतला, केसिंग सतत पाण्याने भरलेलं ठेवलं, बेलर हळू ओढला. त्याच खोलीला एन आला ९.

तेव्हापासून रेतीच्या बोअरवर मी काही गोष्टी स्वतः पाहतो. केसिंगमधलं पाणी भूजलपातळीच्या वरच राहिलं पाहिजे, बेंटोनाइटचं द्रावण वापरलं तर आणखी चांगलं. केसिंगचं टोक चाचणीच्या खोलीच्या खाली गेलेलं नको. रॉड सोडल्यावर तळापर्यंतची लांबी मोजायची आणि बोअरच्या खोलीशी ताडायची. दहा सेंटिमीटरहून जास्त फरक दिसला तर आधी तळ साफ, मग चाचणी. रॉडवर खडूने ७५ सेंटिमीटरची खूण हवी, कारण दुपारच्या उन्हात थकलेला माणूस हातोडा साठ सेंटिमीटरच उचलतो आणि एन फुगतो. स्पूनचा शू (खालची धार) बोथट झाला असेल तरी एन फुगतो. कन्हानच्या रेतीत मधूनच गोटे लागतात. गोटा शूसमोर आला की ठोके अचानक चढतात. म्हणून १५-१५ सेंटिमीटरचे आकडे वेगवेगळे लिहून घ्या. ४, ५, १९ असं काही दिसलं तर तो २४ गणितात घालू नका.

नमुना स्पूनमधलाच घ्या. बेलरमधून येणाऱ्या रेतीतला बारीक गाळ पाण्याबरोबर धुऊन गेलेला असतो. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण बारीक कणांचं प्रमाण गणितात थेट येतं. चाळणीही ओलीच करा, ७५ मायक्रॉनवर धुऊन. कोरड्या चाळणीत गाळ रेतीला चिकटून राहतो.

चाचण्या दीड मीटरच्या ठराविक अंतरावर घेण्याची पद्धत आहे. संशयित थरात मी एक मीटरवर घेतो. सव्वा मीटर जाडीचा सैल पट्टा दोन चाचण्यांच्या मधून सहज निसटतो.

तिसरी पायरी: पाणीपातळी, आणि इथे दोन वेगळ्या पातळ्या लागतात

बोअरची कामं बहुतेक उन्हाळ्यात होतात. मे महिन्यात कन्हानच्या काठाला पाणी सहा मीटरवर सापडलं तर ऑगस्टमध्ये ते दोन मीटरवर असू शकतं. भूकंप काही उन्हाळा पाहून येत नाही, म्हणून सीएसआरसाठी वर्षातली सर्वात वरची पातळी घ्यायची. जवळच्या विहिरींच्या कठड्यांवर पावसाळ्यातल्या पाण्याच्या खुणा असतात. त्या पाहा, शेतकऱ्यांना विचारा.

एन-आकड्याची दुरुस्ती मात्र चाचणीच्या दिवशीच्या पातळीने करायची, कारण एन त्या दिवशीच्या दाबाखाली मिळाला आहे. या दोन पातळ्यांची गल्लत मी अनुभवी लोकांच्या तक्त्यांतही पाहिली आहे. तिने किती फरक पडतो ते पुढच्या उदाहरणात दिसेल.

चौथी पायरी: गणित, एका खोलीचं पूर्ण

एक उदाहरण घेऊ. आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत. नदीकाठची जागा, सहा मीटरवर स्वच्छ रेती, बारीक कण ४ टक्के, एन ८. मे महिन्यातली पातळी ६ मीटर, पावसाळ्यातली २ मीटर. पाण्यावरच्या मातीचं वजन घनमीटरला १७ किलोन्यूटन, पाण्याखालचं १९.

आधी भूकंपाची मागणी. पावसाळी पातळीने एकूण ताण २ × १७ + ४ × १९ = ११० किलोपास्कल. पाण्याचा दाब ४ × ९.८१, म्हणजे ३९. इफेक्टिव्ह स्ट्रेस (कणांचा एकमेकांवरचा दाब) उरला ७१. खोलीनुसार ताण कमी करणारा गुणक, ९.१५ मीटरपर्यंत, १ − ०.००७६५ × खोली, म्हणजे ०.९५४. जागेचा स्वतंत्र अभ्यास नसेल तर कमाल प्रवेगासाठी झोन फॅक्टर वापरायला परिशिष्ट एफ परवानगी देतं. झोन दोनला तो ०.१० आहे.

सीएसआर = ०.६५ × ०.१० × (११० ÷ ७१) × ०.९५४ = ०.०९६.

आता मातीची ताकद. आपल्याकडे अजूनही बऱ्याच ठिकाणी दोरी-पुलीवरचा डोनट हातोडा चालतो. त्याची प्रत्यक्ष पोहोचणारी ऊर्जा सुमारे ४५ टक्के धरली, तर ६० टक्क्यांच्या प्रमाणावर आणायला ०.७५ ने गुणायचं. सहा ते दहा मीटर रॉडलांबीला ०.९५. शंभर मिलिमीटरच्या बोअरला आणि साध्या स्पूनला १. मग ८ × ०.७५ × ०.९५ = ५.७. खोलीची दुरुस्ती मेच्या पातळीने करायची. त्या दिवशी इफेक्टिव्ह स्ट्रेस ६ × १७ = १०२ होता. १०० ÷ १०२ चं वर्गमूळ ०.९९. दुरुस्त एन ५.६.

७.५ तीव्रतेच्या (मॅग्निट्यूडच्या) भूकंपासाठी स्वच्छ रेतीचा सीआरआर चार पदांनी मिळतो: १ ÷ (३४ − एन), अधिक एन ÷ १३५, अधिक ५० ÷ (१० एन + ४५)², वजा १ ÷ २००. इथे एन म्हणजे दुरुस्त एन, आणि हे सूत्र तो ३० च्या खाली असतानाच चालतं. त्याहून दाट रेती द्रवीकरण होणारी नाही असं धरतात. आपल्या ५.६ ला उत्तर येतं ०.०७७.

पुढे तीव्रतेची दुरुस्ती. भूकंप लहान तर हादरे थोडे, म्हणून ताकद जास्त धरता येते. १० चा २.२४ वा घात भागिले तीव्रतेचा २.५६ वा घात. ६.५ ला हा गुणक १.४४ येतो. ०.०७७ × १.४४ = ०.१११. सुरक्षा गुणांक ०.१११ ÷ ०.०९६, म्हणजे १.१५.

हा आकडा किती नाजूक आहे ते पाहा. हातोड्याची आणि रॉडची दुरुस्ती विसरलात तर तो १.४३ दिसतो. खोलीच्या दुरुस्तीतही पावसाळी पातळी घातलीत तर १.२८. सगळीकडे मेचीच पातळी घातलीत तर थर पाण्याबाहेर आहे म्हणून गणितच होत नाही आणि अहवालात "लागू नाही" उतरतं. रेती तीच आहे, बोअर तोच आहे.

बारीक कण ४ ऐवजी १५ टक्के असते तर दुरुस्त एन ५.६ वरून ८.४ होतो आणि गुणांक १.४९ वर जातो. ओली चाळणी का करायची ते यावरून कळेल. उलट एन ८ ऐवजी ४ आला असता तर गुणांक ०.८६. झोन दोनमध्येही गणित एकच्या खाली जातं ते असं.

इथे एक सावधगिरी. आयएस २१३१ मध्ये पाण्याखालच्या बारीक रेतीला एन १५ च्या वर गेला, तर १५ च्या वरचा भाग अर्धाच धरण्याची दुरुस्ती आहे. ती पाया-क्षमतेच्या हिशेबासाठी. द्रवीकरणाचे आलेख ती न करता बनले आहेत, म्हणून या तक्त्यात ती घालू नका. लॉगशीटवर कच्चा एनच हवा, हेही त्याचसाठी.

तीव्रता कोणती घ्यायची

याच उदाहरणात ६.० घेतली तर गुणांक १.४१, ७.५ घेतली तर ०.८०. म्हणजे निकाल या एका निवडीवर फिरतो, आणि अनेक अहवालांत ती लिहिलेलीच नसते. निविदेत किंवा प्रकल्पाच्या निकषांत आकडा दिला असेल तर तोच. नसेल तर मी आजूबाजूचा इतिहास पाहतो. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारी भूकंप ६.२ चा होता, २२ मे १९९७ चा जबलपूरचा ५.८ चा. जबलपूर नर्मदा-सोन पट्ट्यात येतं आणि तो पट्टा नागपूरच्या उत्तरेलाच आहे. म्हणून साध्या कामांना ६.५ मला रास्त वाटतो. मोठ्या पुलाला किंवा धरणाला मात्र जागेचा स्वतंत्र भूकंप-अभ्यास मागा. मऊ गाळावर पृष्ठभागाचे हादरे खडकापेक्षा वाढतात, तेही त्यात येतं.

राखेचा तलाव

याचा वेगळा विचार करायला हवा. औष्णिक वीज केंद्राची राख पाण्यात मिसळून तलावात सोडतात. ती गाळाइतकी बारीक, मुळीच न चिकटणारी, अगदी सैल बसलेली असते. हलकीही असते. भिजलेल्या राखेचं वजन घनमीटरला १४.५ किलोन्यूटन धरलं आणि पाणी अगदी पृष्ठभागापर्यंत असलं, तर एकूण ताणाचं इफेक्टिव्ह स्ट्रेसशी प्रमाण ३.१ येतं. १९ च्या रेतीला तसंच प्रमाण २.१ आहे. म्हणजे तोच भूकंप राखेवर जवळजवळ दीडपट मागणी करतो, आणि तेही झोन न बदलता. बंधारा जुन्या राखेवरच पुढे सरकवत उंच केला असेल, तर बांधाचा पायाच या थरावर येतो. सीआरआरचा आलेख रेतीच्या नोंदींवरून काढलेला आहे, राखेला तो आंधळेपणाने लावू नका. राखेचे नमुने घेऊन सायक्लिक ट्रायॲक्सियल चाचणी (नमुन्याला प्रयोगशाळेत पुन्हापुन्हा हादरवण्याची) करा आणि बांधाची स्थिरता पाण्याचा दाब चढलेला धरूनही तपासा. सपाट जमिनीचं उत्तर उताराला लागू होत नाही.

एसपीटीवरच थांबायचं का

कोन पेनिट्रेशन टेस्ट (जमिनीत टोकदार कोन दाबत नेण्याची) मिळत असेल तर घ्या. ती दर काही सेंटिमीटरला नोंद देते आणि बोअर करणाऱ्या हातांचा प्रश्न तिथे उरत नाही. गोटे असतील तर कोन अडतो, मग एमएएसडब्ल्यूने (पृष्ठभागावरच्या लहरी मोजण्याच्या पद्धतीने) कातर-लहरींचा वेग मोजून पडताळा घ्यावा. दुरुस्त केलेला वेग सेकंदाला सुमारे २०० ते २१५ मीटरच्या वर असला तर द्रवीकरणाची काळजी उरत नाही. दोन पद्धतींचे निकाल जुळले नाहीत, तर पुन्हा बोअरच्या लॉगशीटकडे वळा.

निकाल लिहिताना

गुणांक एकच्या खाली असेल तर थर द्रवीकरण होणारा धरायचा. १.०५ आला म्हणून सुटलो असं मात्र नाही, पाण्याचा दाब तेव्हाही चढतो आणि जमीन खचते. १.२ च्या आतल्या थरांना मी अहवालात वेगळी नोंद देतो आणि खचण्याचा अंदाज काढतो. प्रत्येक बोअरची प्रत्येक खोली तक्त्यात दाखवा. सरासरी एन घेऊन एकच ओळ लिहू नका, सैल पट्टा सरासरीत बुडून जातो.

थर धोक्याचा निघाला तर उपाय जागेवर ठरतात. उथळ असेल तर काढून थराथराने दाबून भरा. खोल असेल तर स्टोन कॉलम (जमिनीत भरलेले खडीचे खांब) किंवा व्हायब्रो (कंपनाच्या) पद्धतीने दाट करा, स्टोन कॉलमने पाण्यालाही वाट मिळते. आपल्याकडे खडक बहुतेक आवाक्यात असतो, त्यामुळे पाइल खडकात टेकवणं अनेकदा सोयीचं पडतं. पण मग त्या थरातलं पाइलचं घर्षण शून्य धरा, बाजूचा आधारही गेलेला धरून वाकण्याचा हिशेब करा आणि वरची माती खचताना पाइलला खाली ओढेल तो भार वाढवा. या तीनपैकी दुसरी गोष्ट नकाशांवर सर्वात जास्त वेळा सुटलेली मी पाहिली आहे.

अहवालाच्या शेवटी लॉगशीटची मूळ प्रत जोडा. तीत १५-१५ सेंटिमीटरचे ठोके, हातोड्याचा प्रकार, केसिंगची खोली, चाचणीच्या वेळचं पाणी आणि तारीख असावी. सोबत सीएसआरला घेतलेली पातळी आणि तीव्रता कारणासह लिहा. तपासणारा अभियंता तेवढ्यावरून तुमचं गणित पहिल्यापासून पुन्हा करू शकतो.